एक व कमी

त्यांना सगळे हलूनका काका म्हणायचे. तोंडावर नव्हे, पाठीमागे. पण त्यांना ते ठाऊक होतं आणि त्याचा रागही येत नव्हता. राग येऊन काढणार कोणावर? नाव त्यांनी आपल्याच हाताने ओढवून घेतलं होतं. हात खरं तर बायकोचा होता, पण ते पुढे येईलच.

काका टीव्हीच्या दुकानात मेकॅनिक होते. मालक पुढे बसून विकायचे, काका मागच्या खोलीत बाकावर बसून दुरुस्त करायचे. माणसांशी बोलायची वेळ आली की काकांना घाम फुटायचा. बिघडलेला टीव्ही बरा, तो निदान उलट प्रश्न विचारत नाही, असं त्यांचं मत होतं. आणि मग दुकानात ते एलसीडी प्रोजेक्शन टीव्ही आले. कपाटाएवढा पडदा, पण दोन माणसांनी सहज उचलावा इतका हलका. गिऱ्हाईक यायचं, पडदा बघून डोळे मोठे करायचं, मग मागे जाऊन पाठ बघायचं आणि विचारायचं, यात नळी नाही तर चित्र येतं कुठून? मालकांना उत्तर देता येईना. दोन गिऱ्हाइकं हातची गेली, तेव्हा मालकांनी काकांना दंडाला धरून पुढे आणलं आणि सांगितलं, तुम्हीच बोला आता.

काका बोलले. पहिल्या दिवशी चाचरत, दुसऱ्या दिवशी बरं, आणि महिन्याभरात असे की शेजारच्या दुकानातली माणसं ऐकायला यायची. एका टीव्हीची पाठ त्यांनी कायमची उघडी ठेवली होती. त्यात बोट घालून ते सुरुवात करायचे. हा खाली दिवा. एकच, पण असा की त्याच्याकडे बघायची सोय नाही. त्याचा पांढरा उजेड या काचांवर येतो, आणि काचा त्याला फोडतात: लाल इकडे, हिरवा तिकडे, निळा पलीकडे. प्रत्येक रंगाच्या वाटेत एक इवलीशी काच उभी आहे, पोस्टाच्या तिकिटाएवढी. तीच एलसीडी. तिच्यात लाखो खिडक्या. कुठली उघडायची, कुठली लावायची, कुठली किलकिली ठेवायची, एवढंच तिचं काम. म्हणजे एक लाल चित्र, एक हिरवं, एक निळं. तिन्ही या लोलकात येऊन एकमेकांवर बसतात, भिंगातून मोठी होतात, मागच्या आरशावर आपटतात आणि आरसा त्यांना पडद्याच्या पाठीवर टाकतो. सिनेमाघरात यंत्र तुमच्या पाठीमागे असतं, इथे ते चित्राच्या पाठीमागे आहे, फरक तेवढाच. मग थोडं थांबून ते म्हणायचे, "एक दिवा, तीन काचा, एक आरसा. यापलीकडे यात जादू नाही."

गिऱ्हाईक विरघळायचं. मग काका फायदे सांगायचे. नळीचा एवढा मोठा टीव्ही घेतलात तर उचलायला चार माणसं आणि वर दाराची चौकट काढावी लागेल. जुन्या तीन नळ्यांच्या प्रोजेक्शनमध्ये तिन्ही रंग एकमेकांपासून फारकत घ्यायचे, अधूनमधून माणूस बोलावून त्यांचं जुळवून द्यावं लागायचं. इथे रंग एकदा जुळले ते जुळले. दिवसभर एकच बातम्यांची पट्टी लावून ठेवा, पडद्यावर तिचा डाग उमटणार नाही. खोली मिट्ट काळोखी करायला नको. आणि चित्र मंदावलं तर टीव्ही म्हातारा झाला असं समजू नका. दिवा बदला, पुन्हा पहिल्या दिवसासारखा. मात्र समोर बसून बघा. उभं राहिलात की चित्र काळवंडेल, बाजूला गेलात की फिकटेल. ही बसून बघायची गोष्ट आहे. काका स्वतः मात्र आयुष्यात कधी धड बसून टीव्ही बघत नव्हते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

पण दुकानात ऐकलेलं गिऱ्हाईक घरी पोचेपर्यंत निम्मं विसरतं. खोक्यातलं पुस्तक जाडजूड, त्यात दहा भाषा, आपली एकही नाही. म्हणून मालकांनी सांगितलं, एक कागद करा, सूचना लिहा, टीव्हीबरोबर देऊ. काकांनी एका पावतीच्या मागे सहा सूचना खरडल्या. काकांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. काकूंचं मोत्यासारखं. त्या ग्रंथालयात कारकून होत्या, पुस्तकांच्या पाठीवर त्यांच्याच हातच्या चिठ्ठ्या असायच्या. काकांनी पावती त्यांच्या पर्समध्ये टाकली, त्यांनी सवडीने कागद लिहून आणला आणि न वाचताच काकांनी त्याच्या दोनशे प्रती काढल्या.

पहिला फोन आला तो एका गृहस्थांचा. त्यांनी फार अदबीने विचारलं, आम्ही कोणी हललो नाही, पण मधेच आमच्या सासऱ्यांना शिंक आली, टीव्हीला काही होणार नाही ना? काकांना कशाचा कशाला मेळ लागेना. फोन ठेवून त्यांनी कागद काढला. पाचवी सूचना त्यांनी लिहिली होती ती अशी: टीव्ही बंद केल्यावर पंखा थांबेपर्यंत हलवू नका. कारण सरळ आहे. दिवा तापून लाल झालेला असतो, तो विझल्यावरही आतला पंखा दोन मिनिटं फिरून त्याला गार करतो, तेवढ्यात टीव्ही कोणी ढकलला किंवा भिंतीवरचं बटण बंद केलं तर दिवा जातो. पण कागदावर, त्या मोत्यासारख्या अक्षरात, लिहिलं होतं: टीव्ही बंद केल्यावर पंखा थांबेपर्यंत हलू नका.

एक व गेला होता. आणि व गेल्यामुळे गावातली झाडून सगळी कुटुंबं टीव्ही बंद करून दोन दोन मिनिटं पुतळ्यासारखी बसत होती.

काका तणतणत घरी गेले. मेलं एक अक्षर नीट उतरवता येत नाही, माझं हसं झालं, असं बरंच काही बोलले. काकू भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "तुम्ही वरती नुसतं 'प्रिय श्री.' लिहिलं होतंत. मी 'प्रिय श्री. व सौ.' केलं. एक व वर लागला, म्हणून खाली एक कमी पडला." काका फणकारून आत गेले. दुसऱ्या दिवशी मालकांना दुरुस्ती सुचवली तर मालक हसून हसून बेजार. म्हणाले, राहू दे, माणसं बसून राहिली तर बटण तरी कोणी बंद करणार नाही. आणि झालंही तसंच. इतर दुकानांचे दिवे वर्षा-दोन वर्षांत परत यायचे, यांचे पाच पाच वर्षं चालायचे. चूक पावली, नाव मात्र काकांना चिकटलं.

पुढे मालकांनी दुकानात मांडलेला एक टीव्ही काकांना सवलतीत दिला आणि तो घरी आला. आता दुनियेला हलू नका सांगणाऱ्याने आपल्या घरी उठून जायचं म्हणजे कसं दिसतं? पहिल्याच संध्याकाळी बातम्या संपल्या, काकांनी टीव्ही बंद केला, सवयीने अर्धे उठले, तर काकू शांतपणे म्हणाल्या, कागदावर काय लिहिलंय? काका बसले. चित्र गेलेलं, पडदा काळा, आत पंख्याची घरघर. टीव्ही नाही, काम नाही, हातात स्क्रू ड्रायव्हर नाही. नवराबायको शेजारी शेजारी, आणि दोन मिनिटं. काकांना आठवेना, आपण याआधी असे कधी बसलो होतो.

सुरुवातीला काकू घरातलंच बोलायच्या. नळ गळतोय, लेकीचे बूट लहान झालेत. मग हळूहळू इतर. लेकीने स्वतःच ठरवलेलं लग्न काकांना कळलं ते या दोन मिनिटांत. उठून आदळआपट करायची सोय नव्हती, पंखा थांबेपर्यंत राग निम्मा उतरला. एकदा काकांनी बायकोची माफी मागितली, बावीस वर्षांपूर्वीच्या एका गोष्टीची, जी काकू विसरल्या असतील असं त्यांना वाटत होतं. विसरल्या नव्हत्या. आणि दवाखान्यातून आलेला कागद काकूंनी दिवसभर पर्समध्ये ठेवला आणि संध्याकाळी टीव्ही बंद झाल्यावर काढला. त्या दिवशी पंखा थांबला तरी दोघं उठली नाहीत.

काकू जाऊन आता तीन वर्षं झाली. दुकान त्याच्याही आधी गेलं, तिथे आता चष्मे मिळतात. लेक परदेशी, दर रविवारी फोन करते आणि दर रविवारी म्हणते, बाबा, तो डबा काढा, भिंतीवरचा नवीन घ्या, मी पाठवते. काका बघू म्हणतात. डब्याला कावीळ झालीय हे त्यांनाही दिसतं. निळ्या रंगाच्या काचेपुढची पातळ पट्टी वर्षानुवर्षं उजेड सोसून करपते, तिथे निळा कमी पडतो आणि चित्र पिवळं होतं. सगळ्या बातम्या देणाऱ्यांना यकृताचा आजार असल्यासारखं वाटतं. पण काका टीव्ही बघतच कुठे होते? ते रोज संध्याकाळी तो लावायचे ते बंद करण्यासाठी. बंद केला की दोन मिनिटं शेजारच्या रिकाम्या जागेला दिवसभराचं सांगायचे. पंखा थांबला की उठायचे. एवढ्यासाठी सगळा खटाटोप, आणि एवढ्यासाठीच तो दिवा.

दिवे बनायचे बंद होऊन कैक वर्षं झाली होती. बंद होणार असं कळलं तेव्हा काकांनी दोन घेऊन ठेवले. एक काकूंच्या आजारपणात लागला. दुसरा कपाटात, काकूंच्या शालींच्या मागे, खोक्यासकट. पडद्यावर 'दिवा बदला' ही सूचना आता लुकलुकायला लागली होती, म्हणजे महिना-दोन महिन्यांचा खेळ. त्यानंतर शालींमागचा तो शेवटचा. काकांनी मनात मोजलं होतं: रोज तासभर लावला तर आपल्याला पुरून उरेल.

अशात एके दुपारी ग्रंथपालबाईंचा फोन आला.

बाई म्हणजे काकूंच्या ग्रंथालयातल्या मुख्य. त्यांचे यजमान शाळेत भूगोल शिकवायचे, सगळे त्यांना सरच म्हणत. सरांनी काकांकडूनच टीव्ही घेतला होता, घेताना आरशाचा कोन किती अंशांचा असंही विचारलं होतं. बाईंचा आवाज थकलेला होता. म्हणाल्या, सरांना हल्ली काही आठवत नाही, आमचा टीव्हीचा दिवा गेलाय, मुलाने नवीन पातळ टीव्ही आणून लावला पण त्याने भलताच घोळ झालाय. जुन्याचा एखादा दिवा मिळेल का हो कुठे?

काका म्हणाले, "नाही हो बाई. ते दिवे आता कुठेच मिळत नाहीत."

तसं बघायला गेलं तर हे खरंच होतं. कुठेच मिळत नाहीत. पण खोटं बोलल्यावर माणूस असा शब्दांचा कीस काढतो, आणि काकांना ते कळत होतं. बाई म्हणाल्या, बरं, असू दे, आणि वर काकांच्या गुडघ्याची चौकशी करून त्यांनी फोन ठेवला. ती चौकशी काकांना जास्त लागली.

संध्याकाळी काकांनी टीव्ही लावला, बंद केला. पंखा सुरू झाला. आज काय झालं हे सांगायचं तर फोनचं सांगावं लागणार. आणि तिच्यापुढे खोटं कधी टिकलं होतं? जिवंत असताना टिकलं नाही, आता काय टिकणार. दोन मिनिटं काका गप्प बसले. तीन वर्षांत पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला ते निघाले. नुसतं बघून येऊ, बिघाड दुसराही असू शकतो, असं मनाशी म्हणाले. पिशवीत स्क्रू ड्रायव्हर घेतला, रुमाल घेतला आणि शालींमागचं खोकंही घेतलं. द्यायचं नाही असं पक्कं ठरवून घेतलं. द्यायचं नव्हतं तर घेतलं कशाला, हे त्यांना विचारू नका; त्यांनी स्वतःलाही विचारलं नाही.

बाईंनी दार उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं. बाहेरच्या खोलीत सर खुर्चीत बसले होते. ताठ, हात मांडीवर, समोर भिंतीवर पातळ टीव्ही, बंद. शेजारच्या टेबलावर ताट झाकून ठेवलेलं. बाई हळू आवाजात सांगू लागल्या. दुपारी बाराला बातम्या बघितल्या, बंद केला, तेव्हापासून असे बसलेत. पंखा थांबला नाही म्हणतात. आता जो पंखा सुरूच झाला नाही तो थांबणार कसा? रोज हीच तऱ्हा. ओढून उठवलं तर चिडतात, रडतात. मुलाने टेबलफॅन आणून मागे लावला, चालू करून बंद केला; तर म्हणाले, हा आपला नाही. जुना लावून बघितला, तर दिवा पेटायची धडपड करतो, पेटत नाही, मग नुसता पंखा फिरून थांबतो. पण चित्रच आलं नाही, तेव्हा यांच्या मते टीव्ही अजून लागायचाच आहे. मग लागायची वाट बघत बसतात.

काका पुढे झाले. सरांनी त्यांच्याकडे पाहिलं, ओळख काही पटली नाही. पण चेहऱ्यावर पाहुणचार उमटला. त्यांनी शेजारची खुर्ची दाखवली आणि वर्गात सांगावं तसं बोट वर करून म्हणाले, "बसा. पंखा थांबेपर्यंत हलू नका."

काका बसले. आपणच दिलेली सूचना वीस वर्षांनी अशी परत येईल असं त्यांना वाटलं नव्हतं. भिंतीवरचा टीव्ही चित्रासारखा गप्प. सर वाट बघत होते, कुठल्याही क्षणी सुटका होईल अशा भरवशाने. त्यांचे पाय सुजले होते. पाच मिनिटं झाली, दहा झाली. काकांचा गुडघा ठणकायला लागला, पण उठायचा धीर होईना. त्यांच्या मनात आलं, मी रोज दोन मिनिटांसाठी एवढा जीव टाकतो आणि हा माणूस त्याच दोन मिनिटांत रोज चार चार तास अडकून पडतोय. आणि मला दिवा जपायचाय. लाज वाटली त्यांना, आणि ती कोणी बघितली नाही म्हणून काही कमी झाली नाही.

ते स्वयंपाकघरात गेले. बाई चहा टाकत होत्या. काका म्हणाले, "बाई, काल मी खोटं बोललो. दिवा आहे माझ्याकडे. शेवटचा आहे. आणलाय."

बाईंनी गॅस बारीक केला. कोणासाठी ठेवला होता, असं काही त्यांनी विचारलं नाही. नुसतं म्हणाल्या, जुना आतल्या खोलीत आहे, चादर काढा.

टीव्ही चाकांच्या स्टँडवर होता. काकांनी आणि बाईंनी मिळून तो बाहेर आणला, पातळ टीव्हीच्या बरोबर खाली उभा केला. पडद्याची उंची काकांनी मुद्दाम सरांच्या नजरेशी जुळवली. ही बसून बघायची गोष्ट. बाजूचं झाकण काढलं, दोन स्क्रू, आणि जळका दिवा घरासकट सरकून हातात आला. नव्याच्या काचेला बोट लागू नये म्हणून रुमालात धरला. बोटाचं तेल लागलं की तेवढीच जागा जास्त तापते आणि दिवा फुटतो, तिसरी सूचना. खोक्यावर काकूंच्या हातची चिठ्ठी होती, पुस्तकावर लावतात तशी: दिवा, शेवटचा, जपून. खोकं त्यांनी पिशवीत परत ठेवलं. झाकण लावलं, नीट बसलं नाही की टीव्ही लागतच नाही म्हणून दोनदा दाबून पाहिलं, आणि बटण दाबलं.

आत टिकटिक झाली. पडदा काळ्याचा राखाडी झाला, राखाडीतून हळूहळू उजळला, आणि कुठल्यातरी समुद्रकिनाऱ्याचं चित्र आलं. उजव्या कोपऱ्यात भला मोठा पिवळा डाग. यालाही कावीळ झालीच होती. काका ओशाळून त्याबद्दल काही बोलणार, तेवढ्यात सर पुढे वाकले. डागावर बोट ठेवून म्हणाले, "वाळवंट." आणि बाईंकडे वळून हसले. बाई म्हणाल्या, हे नाव त्यांनीच ठेवलंय, डाग पहिल्यांदा दिसला तेव्हा. आपला टीव्ही ओळखू आला बघा.

अर्धा तास सरांनी समुद्र बघितला, मासे बघितले. मग बाईंनी बंद केला. चित्र गेलं आणि पंखा सुरू झाला, तोच, जरा खरखरता. सरांचे खांदे सैल पडले. त्यांनी बाईंचा हात आपल्या हातात घेतला, जसा रोज घेत असतील, आणि काळ्या पडद्याकडे बघत सांगू लागले. उद्या तू लवकर निघणार ना, ग्रंथालयात नवी पुस्तकं यायचीयत. डबा मी भरून देतो. मोजे वाळलेत का बघ. पंधरा वर्षांपूर्वीचा कुठलातरी उद्या होता तो, पण होता नीटनेटका. बाई हो हो म्हणत होत्या. काका दुसऱ्या खुर्चीत होते, हे आपण ऐकू नये असं त्यांना वाटत होतं आणि उठता येत नव्हतं.

पंखा थांबला. सर आपणहून उठले, ताटावरचं झाकण काढून बघितलं आणि म्हणाले, गार झालंय की गं, गरम कर.

सर जेवून आडवे झाल्यावर बाईंनी पुन्हा चहा टाकला. काकांना आता सगळंच कबूल करून टाकावंसं वाटत होतं. म्हणाले, बाई, हा सगळा घोळ मुळात माझ्या त्या कागदाचा. हलवू नका लिहायचं होतं. हिने उतरवताना व खाल्ला आणि मी न वाचता प्रती काढल्या. त्या एका अक्षराने सरांचे हाल झाले.

बाईंनी कप खाली ठेवला. काकांकडे अशा बघत राहिल्या की त्यांना वाटलं, आपलं काही चुकलं. मग म्हणाल्या, "तुम्हाला खरंच माहीत नाही? तिने सांगितलं नाही कधी?"

काय सांगायचं होतं?

बाई सांगू लागल्या. तो कागद काकूंनी ग्रंथालयात जेवणाच्या सुट्टीत लिहिला होता, बाईंच्याच टेबलावर. लिहून झाल्यावर बाईंना वाचायला दिला. बाईंचा जन्म चुका काढण्यात गेलेला. त्यांनी ताबडतोब पाचव्या ओळीवर बोट ठेवलं, इथे व राहिलाय. काकू म्हणाल्या, राहिला नाही, ठेवला नाही. बाईंना वाटलं चेष्टा आहे. पण काकूंनी कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली.

"म्हणाली, 'आमच्या माणसाला मी म्हटलेलं ऐकू येत नाही हो. चित्र विझायच्या आत उठून घरातल्या कामाच्या बाकावर जातो. पण यंत्राचा नियम म्हटला की मोडणार नाही. एक ना एक दिवस तो टीव्ही आमच्याही घरी येईल. मला दोन मिनिटं हवीयत, बाकी काही नको.'"

कपातला चहा काकांनी तसाच धरून ठेवला होता. श्री. व सौ., एक व वर लागला म्हणून खाली कमी पडला. ती भाजी निवडत होती, मान खाली होती. हसत असणार. आणि आपण मेलं एक अक्षर उतरवता येत नाही म्हणून तणतणलो, आणि तिने ते ऐकून घेतलं. मग त्यांना रडू आलं, अगदी उघड. बाईंनी त्यांना रडू दिलं. नंतर म्हणाल्या, सरांना आणि मला तर पहिल्या दिवसापासून माहीत होतं, तरी आम्ही बसलोच की. कोणी जबरदस्ती केली होती?

निघताना बाईंनी विचारलं, तुमच्या टीव्हीचा दिवा ठीक आहे ना? काका म्हणाले, आहे अजून.

तो पुढे सहा आठवडे चालला. तेवढ्यात काका आठवड्यातून दोनदा सरांकडे जायला लागले, झाकणाची जाळी पुसायच्या निमित्ताने. मग एका संध्याकाळी बातम्या चालू असताना आत टक्‌ असा आवाज झाला आणि पिवळा माणूस वाक्याच्या मधेच नाहीसा झाला. पडदा काळा. लाल ठिपका लुकलुकू लागला. काका सवयीने अर्धे उठले.

आत पंखा फिरत होता. दिवा गेला तरी तो आपलं काम करतो, हे काकांनी हजार वेळा बघितलं होतं, शेकडो गिऱ्हाइकांना सांगितलं होतं, बाईंकडे ऐकलंही होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. जपायचा तो दिवा नव्हताच.

काका परत बसले. आज लेकीचा फोन आला होता, गुडघा बरा होता, सरांनी काल त्यांना नावाने हाक मारली होती, चुकीच्या, पण नावाने. सांगण्यासारखं बरंच होतं. पण आधी ते शेजारच्या जागेकडे वळले.

"व मुद्दाम खाल्लास ना गं," ते म्हणाले. "बघ, हललो नाही."